चेतासंस्था आणि नाकाला लावलेली चप्पल

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलण्यासाठी विषय दिला होता, 'चळवळीची वाटचाल'. या विषयावर आम्ही याच जागेवर इतक्या वेळा बोललो आहोत की पुढच्या रांगेतले आमचे ज्येष्ठ सहकारी आमच्या आधी किस्सा संपवतात. म्हणून यंदा आम्ही विषय बदलून मागितला. मानवी चेतासंस्था. म्हणजे आपला मेंदू, पाठीच्या कण्यातला रज्जू आणि अंगभर पसरलेले मज्जातंतू, यांची रचना आणि त्यांचे काम. अध्यक्ष म्हणाले, "अहो, हे डॉक्टरांचं काम. तुम्ही रिंगखात्यातला माणूस." खरे आहे. आम्ही दहावीच्या पुढे शाळेत गेलो नाही. जे काही वाचले ते वाचनालयात, रात्रपाळी सुटल्यावर, पेंगत पेंगत वाचले. पण हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. तो आमच्या गळ्यात पडलेला आहे. कसा, ते आधी सांगतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला याच सभागृहात वंदना चालू असताना आपल्या वस्तीतली एक मुलगी खाली कोसळली. हातपाय ताठ झाले, झटके आले, तोंडाला फेस आला. तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने हे सांगतो आहोत, नाव घेणार नाही. त्या दोन मिनिटांत काय झाले? एकाने तिचे दात उघडायला चमचा मागितला. दोघांनी हातपाय दाबून धरले. एक मावशी म्हणाल्या, "अंगात आलंय, कुणी हात लावू नका." आणि एक तरुण धावत बाहेर गेला, दारातली चप्पल घेऊन आला आणि तिच्या नाकाला लावली. समोर तथागतांची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो आणि मध्ये नाकाला चप्पल. आम्ही तिथेच होतो. आम्ही ओरडलो, चप्पल फेकून दिली, मुलीला कुशीवर वळवले. पण त्या तरुणाला आम्ही काही बोललो नाही. बोलायचा आम्हाला अधिकार नव्हता. कारण तीच चप्पल आम्ही स्वतः कधीकाळी लावलेली आहे.

आमची थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणत होतो. तिला मिरगीचा आजार होता. घरात कोणी 'मिरगी' हा शब्दही काढत नसे, 'तिला होतंय' एवढेच म्हणत. तिला 'व्हायला' लागले की वहाण आणायचे काम घरातले धाकटे म्हणून आमचे. आम्ही पळत जायचो आणि मोठ्या जबाबदारीने तिच्या नाकाशी धरायचो. झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. आम्हाला वाटायचे, आमच्या वहाणेने थांबला. भगताने लिंबू उतरवले, कोंबडी घेतली, एकदा हातावर चटका दिला. लपवून लग्न लावले. १९७९ साली सासरच्यांनी परत आणून सोडली. १९८१ साली ओढ्यावर धुणे धुताना झटका आला आणि ती पाण्यात पालथी पडली. पाणी गुडघाभर होते. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो.

पुढे गिरणीत लागल्यावर वाचनालयात एका आरोग्यविषयक पुस्तकात आम्ही वाचले की मिरगीवर गुण देणारी फिनोबार्बिटोन ही गोळी १९१२ पासून जगात आहे. १९१२! आक्का गेली १९८१ साली. मधली ६९ वर्षे ती गोळी आमच्या घरापर्यंत चालत होती आणि पोहोचली नाही. त्या दिवसापासून आम्ही मेंदूविषयी मिळेल ते वाचत आलो. तर आता विषयाकडे येतो.

आपल्या शरीराची मूळ वीट म्हणजे पेशी. चेतासंस्थेची पेशी ती चेतापेशी. तिला एक धड असते, धडाला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात, त्यांना वृक्षिका म्हणतात, आणि एक लांब शेपूट असते, तो अक्षतंतू. फांद्यांनी निरोप घ्यायचा आणि शेपटीने पुढे द्यायचा, एवढेच तिचे काम. धड डोळ्याला दिसणार नाही इतके लहान, पण कमरेच्या कण्यातून पायाच्या अंगठ्याकडे जाणारी शेपूट सुमारे एक मीटर लांब. आपल्या खात्यात जसे एका कांडीवरचे सूत मैलभर निघते, तसे. अशा पेशी मेंदूत किती? आमच्याकडच्या जुन्या पुस्तकांत शंभर अब्ज लिहिलेले आहे. २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी मोजणीची नवी पद्धत वापरली तेव्हा आकडा सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी निघाला. भारताच्या लोकसंख्येच्या साठपट, आणि हे सगळे सव्वा ते दीड किलोच्या गोळ्यात! हा गोळा शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण प्राणवायू खातो वीस टक्के. म्हणून रक्ताचा पुरवठा पाच-सात मिनिटे बंद पडला तर मेंदूच्या पेशी मरू लागतात. अर्धांगवायूचा झटका आला की 'सकाळी बघू' म्हणायचे नाही, ते याच्यासाठी. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे बोबडे झाले की तेल चोळत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

या पेशी एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या, यावर मोठा वाद झाला. इटलीच्या गोल्जी या शास्त्रज्ञाने १८७३ साली चांदीच्या क्षाराने या पेशी काळ्या रंगवायची युक्ती काढली. तो म्हणे, हे सगळे एकसंध जाळे आहे. स्पेनमध्ये काहाल नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने गोल्जीचीच युक्ती वापरून दाखवून दिले की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, शेजारणीला चिकटलेली नाही. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक दिले, आणि गोल्जीने पारितोषिकाच्या भाषणात काहालचे म्हणणे खोडून काढले! पण काहालचेच खरे ठरले. या काहालची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. लहानपणी तो शाळेत इतका वांड होता की बापाने वैतागून त्याला आधी न्हाव्याच्या हाताखाली ठेवला, मग चांभाराच्या. तिथून तो मेंदूपर्यंत पोहोचला. त्याच्या देशात न्हाव्याच्या दुकानातून विद्यापीठात जाणारा रस्ता होता, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे तो रस्ता बाबासाहेबांना करावा लागला.

चेतापेशीतून निरोप जातो तो विजेच्या रूपाने. पण ही गिरणीतल्या तारेतली वीज नव्हे. पेशीच्या कातडीच्या आतबाहेर सोडियम, पोटॅशियम असे क्षारांचे भारित कण असतात. कातडीतली दारे क्षणभर उघडली की कण आतबाहेर करतात, आणि ही उघडझाप पुढे पुढे सरकत जाते. वेग किती? पूर्वी लोक म्हणत, विचाराच्या वेगाला माप नाही. जर्मनीत हेल्महोल्ट्झ याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर माप घेतले. सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. विचाराचा पुष्पक विमानाचा वेग गेला, आणि मोजता येण्याजोगी गोष्ट आली. माणसाच्या शरीरात सगळ्यांत जलद तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातात, कारण त्यांच्यावर चरबीचे वेष्टन असते. वेष्टन नसलेले, मंद वेदना नेणारे तंतू सेकंदाला मीटरभरच जातात. अंगठ्याला ठेच लागली की आधी 'लागलं' हे कळते आणि क्षणभराने कळ येते. हा अनुभव सर्वांना आहे. तो या दोन वेगांतला फरक.

आता पेशी सुट्या आहेत तर निरोप मधली फट कशी ओलांडतो? हे शोधले ओटो लोवी याने १९२१ साली. त्याला प्रयोग झोपेत सुचला. उठून चिठ्ठी खरडली, आणि सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा सुचला, तेव्हा चिठ्ठी न लिहिता पहाटे तीनला उठून प्रयोगशाळेतच गेला. दोन बेडकांची हृदये घेतली. पहिल्याचा मज्जातंतू उत्तेजित केला, ते मंद झाले. त्याच्याभोवतीचे पाणी दुसऱ्यावर सोडले, तेही मंद झाले. म्हणजे फटीत रसायन पाझरते आणि ते निरोप पोहोचवते. १९३६ साली त्याला नोबेल मिळाले, आणि १९३८ साली तो ज्यू म्हणून नाझींनी तुरुंगात टाकला व पारितोषिकाची रक्कम काढून घेतली. जात विचारणारे सगळीकडे असतात.

ही फट तुमच्या-आमच्या कामाची आहे, कारण साप तिथेच चावतो. म्हणजे दात पायाला लागतात, पण नाग आणि मण्यार यांचे विष जाऊन बसते ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत. निरोप निघतो, स्नायूला मिळत नाही. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग छातीचे स्नायू थांबतात आणि श्वास बंद होतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. खाटेवर, मच्छरदाणीत झोपणाऱ्याला ती सहसा चावत नाही, म्हणून ती गरिबाचा साप आहे असे आम्ही म्हणतो. मांत्रिक कोणत्या मंत्राने ते विष फटीतून काढणार? त्याला ती फटच माहीत नाही. त्यावर उपाय सर्पविषावरची लस आणि वेळ पडल्यास श्वासाचे यंत्र. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सर्पदंश झालेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे हा गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. कायदा आपल्याला फुकट मिळालेला नाही.

रचनेचे थोडक्यात सांगतो. मेंदू आणि पाठीतला मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था. मेंदूतून १२ आणि मेरुरज्जूतून ३१ जोड्या मज्जातंतूंच्या निघतात आणि अंगभर जातात, ती परिघीय. तिसरी स्वायत्त, म्हणजे आपल्याला न विचारता चालणारी : हृदय, आतडी, घाम, डोळ्यातली बाहुली. मुकादम अंगावर आला की छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, ते हिचे काम. श्वास मात्र गमतीचा आहे. तो झोपेतही आपोआप चालतो, त्याचे ठाणे मानेच्या वर मस्तिष्कपुच्छात आहे, पण मनात आणले तर आपण तो लांबवू शकतो, आखडू शकतो. शरीराच्या आपोआप चालणाऱ्या आणि आपल्या इच्छेने चालणाऱ्या अशा दोन्ही खात्यांत नाव असलेला हा कामगार. तथागतांनी आनापानासाठी श्वासच का निवडला असेल, याचा विचार भन्तेंनी कधीतरी आम्हाला समजावून सांगावा.

तव्याला बोट लागले की हात मागे येतो आणि मग 'आई गं' होते. हा निर्णय मेंदूपर्यंत जातच नाही. मेरुरज्जूतल्या मेरुरज्जूत मिटतो, मेंदूला नुसता अहवाल जातो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आणि हातात मुरलेली कला, ती वेगळी. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू आहे. आकाराने लहान, पण ८६ अब्जांपैकी बहुसंख्य पेशी त्याच्यातच, पाचांतल्या चार म्हणा. तोल, चाल, हाताचा सराव हे तो सांभाळतो. आम्ही रिंगखात्यात नवीन लागलो तेव्हा तुटलेला धागा सांधायला इतका वेळ लागायचा की जॉबर म्हणायचा, "लग्न लावतोयस काय?" सहा महिन्यांनी बोटे आपोआप जाऊ लागली. आज कोणी विचारले, सांधा कसा मारता, तर आम्हाला सांगता येत नाही, करून दाखवावे लागते. ते ज्ञान लहान मेंदूत उतरलेले असते. दारू प्यालेला माणूस झोकांड्या खातो तेही लहान मेंदू गुंगल्यामुळे. पाचव्या शीलाला चेतासंस्थेचा असा दुजोरा आहे. आणि जे रोज पितात त्यांनी अचानक एकदम सोडली तरी झटके येऊ शकतात, म्हणून सोडतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा. पण सोडा.

मोठ्या मेंदूचा उजवा भाग डाव्या अंगाचे आणि डावा भाग उजव्या अंगाचे काम पाहतो. कोणता भाग काय करतो हे कळले ते मिरगीच्याच रोग्यांमुळे. कॅनडात माँट्रियलला डॉ. पेनफिल्ड मिरगीच्या काही रोग्यांवर मेंदूची शस्त्रक्रिया करत. मेंदूला स्वतःला वेदना नाही, म्हणून फक्त कवटीवरची कातडी बधिर करून रोगी जागा ठेवत, आणि मेंदूवर ठिकठिकाणी अगदी सौम्य वीज लावून विचारत, "काय झालं?" कोणी म्हणे अंगठा हलला, कोणी म्हणे ओठाला मुंग्या आल्या. त्या त्या जागी आकड्याची चिठ्ठी ठेवायची. असा १९३७ साली त्यांनी नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हाताला आणि ओठ-जिभेला सगळ्यांत जास्त जागा, पाठीला थोडी. जो कष्ट करतो आणि जो बोलतो त्याला जमीन जास्त, ऐतखाऊ पाठीला कमी. आणि अजून एक. या पट्टीत तोंडाची जागा खाली, कानाच्या बाजूला आहे, आणि पायाची जागा सगळ्यांत वर, टाळूखाली! ज्यांनी मुखातून एक वर्ण काढला आणि पायातून दुसरा काढला, त्यांनी डोके उघडून पाहिले नव्हते. हे आम्ही गमतीने सांगतो. मेंदूच्या नकाशावरून माणसांची उतरंड लावणे ही चूकच, मग ती कोणत्याही बाजूने लावा.

तशी उतरंड लावायचा प्रयत्न झालेला आहे. इंग्रजी अमलात रिस्ले या अधिकाऱ्याने नाके-डोकी मोजून जातींची प्रतवारी केली. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मोजमापांचेच आकडे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा काढता येत नाही. मेंदूच्या वजनाचे म्हणाल तर रशियन लेखक तुर्गेनेव याचा मेंदू दोन किलोच्या वर भरला आणि नोबेल मिळवणारा फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्स याचा जेमतेम एक किलो. वजनावर काही नाही. फरक पडतो तो पोषणाचा. सहाव्या वर्षापर्यंत मुलाचा मेंदू प्रौढाच्या नव्वद टक्के आकाराचा झालेला असतो. त्या सहा वर्षांत आयोडीन, लोह, दूध, डाळ आणि कोणीतरी बोलणारे माणूस मिळाले नाही, तर ते नुकसान पुढे भरून काढणे फार अवघड जाते. बालवाडीचा डबा ही आम्हाला म्हणून सभेइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते.

एक प्रश्न वाचनालयातले मित्र नेहमी विचारतात. या ८६ अब्ज पेशींत आत्मा कुठे बसतो? पेशींचा मुकादम कोण? आम्ही सांगतो, कोणी नाही. मिलिंद राजाला नागसेनांनी विचारले होते, रथ म्हणजे चाके का, आस का, जू का? एकेक सुटे केले तर रथ कुठेच सापडत नाही, आणि सगळे जुळले की रथ चालतो. मेंदूतही पाहण्याचे खाते मागे, ऐकण्याचे बाजूला, बेत आखण्याचे कपाळामागे. सगळ्या तारा जिथे येतात असे मालकाचे केबिन कोणालाही सापडलेले नाही. म्हणून तर बाहेरून आत शिरणारे भूतही बसवायला तिथे खुर्ची नाही.

आता मिरगी. एरवी मेंदूतल्या पेशी आळीपाळीने बोलतात, कोणी बोलते, कोणी गप्प बसवते. झटक्यात पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, एका तालात विजेचे निरोप सोडू लागतो. सभेत सगळे एकदम उठून ओरडायला लागल्यावर ठराव होत नाही, तसे शुद्ध जाते, स्नायू आखडतात. ही वीज टाळूवर तारा लावून कागदावर उमटवता येते. हान्स बर्गर याने १९२४ साली माणसाचा असा पहिला आलेख घेतला. यात दैवी काही नाही, हे ग्रीसच्या हिपॉक्रॅटिसच्या नावाने असलेल्या ग्रंथात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे. कारणे अनेक : जन्मताना डोक्याला इजा, अपघात, मेंदूज्वर, गाठ, काहींना कारण सापडत नाही. आपल्या देशात एक मोठे कारण पट्टकृमीची अंडी. कच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या पोटात किडा वाढतो, पण त्याची अंडी त्याच्या विष्ठेतून माती-पाण्यात जातात, आणि न धुतलेल्या भाजीतून, हातातून कोणाच्याही पोटात जाऊन अळी मेंदूत घर करते. शुद्ध शाकाहारी माणसालाही ही मिरगी होते. म्हणजे गल्लीतले उघडे गटार आणि शौचालयाचा नळ हा मेंदूचा प्रश्न आहे, हे नगरसेवकाला सांगायला हवे.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषध नियमित घेतले तर शंभरातल्या सत्तर जणांपर्यंत झटके पूर्ण थांबू शकतात. गोळी मात्र बरे वाटले म्हणून मनाने बंद करायची नाही, अचानक बंद केली तर मोठा झटका येतो. पोटुशी बाईने तर घाबरून मुळीच बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आणि अंगात येणारी प्रत्येक बाई मिरगीची नसते. काही वेळा घरातला जाच अंगातून बोलतो. त्यालाही उपचार आहे, पण तो चटका नव्हे. कोणते काय आहे हे डॉक्टरला ठरवू द्या.

झटका आला तर काय करायचे, ते नीट ऐका, विशेषतः मागे उभे असलेली मुले. घड्याळ बघा. चूल, जिना, पाणी यांपासून माणूस दूर करा. डोक्याखाली घडी घातलेला सदरा, ओढणी काहीही मऊ द्या, गळ्याचे बटण सोडा. झटके देणारे अंग दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. माणूस जीभ गिळत नाही, तुमचा चमचा मात्र दात पाडतो. झटका ओसरला की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर जाईल. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा आणि गर्दी हटवा, कारण डोळे उघडल्यावर चाळीस तोंडे आपल्याकडे बघताहेत याची लाज त्या माणसाला झटक्याहून जास्त लागते. आक्का उठली की आधी पदर सारखा करायची, ते आम्हाला अजून दिसते. पाच मिनिटांच्या वर चालले किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर रिक्षा बोलवा आणि दवाखाना गाठा. कांदा, चप्पल, किल्ली यांचा विजेशी काही संबंध नाही.

लग्नाविषयी बोलणे भाग आहे, कारण त्या मुलीच्या आईने आम्हाला तेच विचारले. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारी मिरगी हे विवाह रद्द करण्याचे कारण म्हणून घातले गेले. आक्काला आणून सोडली तेव्हा कायदासुद्धा सासरच्यांच्या बाजूने होता. १९९९ साली संसदेने तो शब्द काढून टाकला. कुष्ठरोगाचेही तसेच. लोक त्याला कातडीचा रोग आणि पापाचे फळ समजतात. तो मज्जातंतूंना लागणाऱ्या जंतूचा रोग आहे, जंतू हॅन्सेनने १८७३ साली दाखवला, संवेदना जाते म्हणून चटके कळत नाहीत आणि बोटे झिजतात. १९८१ पासूनच्या बहुविध औषधोपचाराने तो बरा होतो. तरी घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायद्यात राहिला, थेट २०१९ पर्यंत. संसदेला इतका वेळ लागला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सुप्रबुद्ध कुष्ठरोग्याची कथा घातली आहे. गर्दी पाहून अन्न वाटताहेत असे समजून तो येतो, आणि तथागत सगळ्या सभेत त्याला ओळखून त्याला समजेल असा उपदेश करतात. सुप्रबुद्धाला मागच्या रांगेत बसवले नव्हते. आपण आजारी मुलीचे स्थळ सांगताना आजार लपवू नये, आणि दुसऱ्याने सांगितला तर तोंड फिरवू नये. लपवण्याने आमच्या घरात काय झाले ते सांगून झाले.

जाता जाता ज्येष्ठांसाठी. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ते फार बेजार असत. साखर जास्त राहिली की तंतू पोखरतात, आधी तळपायाला मुंग्या, मग बधिरपणा. रोज रात्री तळपाय तपासा, आरशात दिसत नसेल तर नातवाला सांगा.

त्या मुलीची तपासणी झाली. सरकारी दवाखान्यात आलेख काढला, गोळ्या चालू आहेत, पौर्णिमेपासून एकच झटका आला, तोही गोळी चुकली त्या दिवशी. शाळेत बाईंनी तिला वेगळ्या बाकावर बसवले होते, महिला मंडळाच्या दोघी जाऊन बोलल्या, आता ती मैत्रिणीशेजारी बसते. दर महिन्याला दवाखान्यात नेण्याचे काम त्याच तरुणाकडे आहे, ज्याने चप्पल आणली होती. त्याने ते मागून घेतले. सकाळी साडेसातला रांग लावावी लागते, म्हणून तो रात्रपाळी सुटल्यावर घरी न जाता तिकडेच जातो. वस्तीत आणखी कोणाला जायचे असेल तर त्याला सांगा, स्कूटरवर एकाची जागा आहे. कागद, जुनी चिठ्ठी असेल ती बरोबर ठेवा. घरी येऊन नाव सांगितले तरी चालेल, चारचौघांत सांगायला नको.

जयभीम! नमो बुद्धाय!